एआयचा पेपर ऑनलाइन शिकवताना: आखणीपासून ओरलपर्यंत

२०११ च्या शरद सत्रात स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी आपला एआयचा कोर्स इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुला केला. सुमारे १,६०,००० जणांनी नावं नोंदवली आणि सुमारे २३,००० जणांनी कोर्स पूर्ण केला. हे आकडे पुष्कळदा सांगितले जातात. शिकवणाऱ्याच्या कामाची गोष्ट मात्र त्यांच्या शेजारी आहे. त्याच वेळी स्टॅनफर्डच्या प्रत्यक्ष वर्गात सुमारे २०० विद्यार्थी होते आणि थोड्याच आठवड्यांत त्यातले जेमतेम ३० वर्गात येऊ लागले. बाकीच्यांना तेच शिक्षक व्हिडिओवर बरे वाटले. ते व्हिडिओ दिसायला साधे होते: कागद, पेन, वरून रोखलेला कॅमेरा, आणि दर काही मिनिटांनी थांबवून विचारलेला एक प्रश्न. उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकावंसं वाटू नये, अशी त्यांची रचना होती.

एआय ऑनलाइन शिकवायचं तर विद्यार्थ्याचा हात सतत चालता ठेवावा लागतो, हे या लेखाचं म्हणणं आहे. शिक्षक किती छान समजावतो याला मर्यादित महत्त्व आहे. अल्गोरिदम ऐकताना तो कळल्यासारखा वाटतो, आणि कळला नव्हता हे पहिल्यांदा स्वतः चालवून पाहताना लक्षात येतं. वर्गात चेहऱ्यांवरून हे ओळखता येतं. ऑनलाइनमध्ये समोर साठ बंद कॅमेरे असतात, म्हणून ती ओळख आखणीतच बसवावी लागते.

पुढची आखणी आपल्याकडच्या नेहमीच्या परिस्थितीसाठी आहे: पदवीचा पेपर, तीन क्रेडिट थिअरी आणि एक क्रेडिट प्रॅक्टिकल, साठेक विद्यार्थी, त्यातल्या बऱ्याच जणांकडे फक्त फोन.

पहिली पायरी: शेवटापासून सुरुवात

सिलॅबसमधली युनिट्स बाजूला ठेवा आणि सत्र संपताना विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते क्रियापदांत लिहा. 'ह्युरिस्टिक सर्च (अंदाजाच्या आधारे शोध) समजणे' असं लिहिलं तर ते तपासता येत नाही. 'दिलेल्या नकाशावर ए-स्टार ही मार्ग शोधण्याची पद्धत हातानं चालवून प्रत्येक टप्प्याची यादी लिहिणे' हे तपासता येतं. अशी आठ ते दहा वाक्यं पुरतात. प्रत्येक वाक्यासमोर ते कशातून तपासणार हे लिहा: असाइनमेंट, प्रॅक्टिकल की ओरल. मगच व्हिडिओंची यादी करायला घ्या.

सध्या चॅटबॉटमुळे विद्यार्थ्यांना थेट न्यूरल नेटवर्ककडे (उदाहरणांवरून शिकणाऱ्या मॉडेलकडे) जायचं असतं, आणि सर्चचे आठवडे कापावेत असा मोह होतो. मी ते कापू नयेत या मताचा आहे. सर्चमध्ये प्रत्येक पायरी कागदावर दिसते. यंत्र 'ठरवतं' म्हणजे नेमकं काय करतं, हे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची तेवढी एकच जागा या विषयात आहे. फुल्ली-गोळ्यावर मिनिमॅक्स (समोरचा खेळाडू सर्वोत्तम चाल खेळेल असं धरून आपली चाल निवडण्याची पद्धत) चालवलेल्या मुलाला पुढे 'लॉस (मॉडेलची चूक) कमी करणे' म्हणजे काय ते सांगायला फार शब्द लागत नाहीत.

दुसरी पायरी: कोणाकडे काय आहे

पहिल्या वर्गाआधी पाच प्रश्नांचा फॉर्म पाठवा: लॅपटॉप स्वतःचा आहे का, घरात तो आणखी कोण वापरतं, रोजचा डेटा किती, वीज कधी जाते, शांत वेळ कोणती मिळते. उत्तरं आल्यावर वेळापत्रक ठरवा.

फोनवाल्या विद्यार्थ्यासाठी तीन गोष्टी लगेच करता येतात. थेट तासाचा फक्त आवाज आणि नोट्सची पीडीएफ वेगळी द्या. ३२ केबीपीएसवर साठवलेला तासाभराचा आवाज साधारण साडेचौदा एमबी भरतो, त्यामुळे तो संपत आलेल्या डेटा पॅकमध्येही उतरवता येतो. प्रॅक्टिकलसाठी गूगल कोलॅब (इंटरनेटवर कोड चालवण्याची सेवा) फोनच्या ब्राउझरमध्ये चालतं, पण छोट्या स्क्रीनवर कोड लिहिणं जिकिरीचं असतं. म्हणून नोटबुक (कोलॅबमधली कोडची फाइल) असं बनवा की विद्यार्थ्याला पाच-सात ओळीच भराव्या लागतील. इंटरनेट नसताना अँड्रॉइडवर पायड्रॉइड हे पायथन चालवणारं अॅप चालतं आणि सर्चची सगळी प्रॅक्टिकलं त्यावर होतात. न्यूरल नेटवर्कचं एखादं प्रॅक्टिकल मात्र कॉलेजच्या लॅबमध्ये येऊन करण्याची सोय ठेवा. कोलॅबवर मोफत मिळणाऱ्या जीपीयूची (वेगवान गणना करणाऱ्या चिपची) हमी नसते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तो नेमका मिळत नाही.

तिसरी पायरी: व्हिडिओ छोटे, आणि सगळे स्वतःचे नकोत

एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या कोर्सेसमधली सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी मध्यक (रांगेतला मधला) विद्यार्थी सहा मिनिटांपेक्षा जास्त पाहत नाही, असं त्यात दिसलं. हातानं लिहीत-काढत समजावलेले व्हिडिओ नुसत्या स्लाइड्सपेक्षा जास्त पाहिले गेले, हेही. म्हणजे स्टुडिओची गरज नाही. फोन उंच स्टँडवर उलटा लावा, खाली कोरा कागद, जाड टोकाचं पेन, शेजारी टेबल-लॅम्प, आणि कॉलरला लावायचा साधा माइक. चित्र थोडं अंधुक असलं तरी निभावतं. आवाज फाटला की विद्यार्थी निघून जातो, म्हणून पैसे खर्च करायचे असतील तर माइकवर करा.

एका व्हिडिओत एकच गोष्ट. शेवटी प्रश्न, उत्तर पुढच्या व्हिडिओच्या सुरुवातीला.

सगळं स्वतः रेकॉर्ड करायला बसाल तर सत्र संपेपर्यंत तेच चालेल. एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासच्या प्रा. दीपक खेमानी यांची सर्चवरची आणि आयआयटी दिल्लीच्या प्रा. मौसम यांची एआयवरची व्याख्यानं उपलब्ध आहेत. त्यातला नेमका भाग, कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत, हे सांगून द्या आणि सोबत स्वतःचा चार मिनिटांचा मराठी व्हिडिओ जोडा: यात काय पाहायचं, कुठे अडखळाल, पाहून झाल्यावर कागदावर काय करायचं. परिभाषा इंग्रजीतली ठेवा, स्पष्टीकरण मराठीत. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याला या चार मिनिटांचा आधार फार मोठा असतो.

वाणिज्य किंवा कला शाखेला हा विषय ऐच्छिक म्हणून शिकवायचा असेल तर हेलसिंकी विद्यापीठाने २०१८ मध्ये रिअॅक्टर कंपनीबरोबर सुरू केलेला 'एलिमेंट्स ऑफ एआय' हा मोफत कोर्स नजरेखालून घाला. कोड न लिहिता सर्च आणि संभाव्यता कशी करून घेता येते, याचा तो चांगला नमुना आहे.

चौथी पायरी: कागदावर चालवून घ्या

माझ्या मते सगळ्या कोर्सचा भार या पायरीवर आहे, म्हणून इथे उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

ए-स्टार शिकवताना रसेल आणि नॉर्व्हिग यांच्या पाठ्यपुस्तकातला रोमानियाचा नकाशा जगभर वापरतात. आरादहून बुखारेस्टला जायचं आहे. प्रत्येक गावासाठी दोन आकडे: आतापर्यंत कापलेलं अंतर, आणि तिथून बुखारेस्टपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर. त्यांची बेरीज ज्या गावाची सर्वांत कमी, ते आधी उघडायचं, म्हणजे त्याच्या शेजारची गावं यादीत घालायची. आरादहून सिबिऊ: १४० अधिक २५३, म्हणजे ३९३. सिबिऊ उघडलं की रिम्निकू विल्चा ४१३ वर येतं आणि फागाराश ४१५ वर. रिम्निकू उघडलं की पितेश्ती ४१७. आता यादीत सर्वांत कमी फागाराश, म्हणून ते उघडायचं, आणि त्यातून बुखारेस्ट ४५० वर येतं.

व्हिडिओ इथे थांबवा आणि विचारा: बुखारेस्ट सापडलं, आता थांबायचं का?

बहुतेक विद्यार्थी 'हो' म्हणतात. उत्तर 'नाही' आहे. यादीत पितेश्ती अजून ४१७ वर उभं आहे. ते उघडलं की बुखारेस्ट ४१८ ला मिळतं, ३२ ने कमी. ध्येय यादीत दिसणं वेगळं आणि ते यादीतून उघडण्यासाठी निवडलं जाणं वेगळं. हा फरक व्याख्यानात दहादा सांगितला तरी निसटतो आणि कागदावर एकदा चुकला की पक्का बसतो. म्हणून ती चूक होऊ द्या, आधी इशारा देऊ नका.

मग आपला नकाशा घ्या. पुण्याहून महाडला जायचं आहे. एक वाट भोरवरून वरंध घाटाची, दुसरी ताम्हिणी उतरून माणगावमार्गे, तिसरी वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून. रस्त्याची आणि सरळ रेषेतली अंतरं विद्यार्थ्यांनीच नकाशावरून काढायची. सह्याद्री या अल्गोरिदमचा उत्तम शिक्षक आहे. महाबळेश्वर आणि पोलादपूर नकाशावर शेजारी वाटतात, पण घाटाचा रस्ता सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट भरतो. सरळ अंतराचा अंदाज कमीच निघतो, कधी जास्त निघत नाही, आणि म्हणूनच ए-स्टार सर्वांत छोटा मार्ग हमखास देतो, हे इथे डोळ्यांना दिसतं.

यावर एकेक प्रश्न चढवत जा. पावसाळ्यात वरंध घाट अनेकदा वाहतुकीला बंद ठेवतात: ती कडा (म्हणजे तो रस्ता) नकाशातून वगळा आणि पुन्हा चालवा. आता किलोमीटरऐवजी मिनिटं मोजा. मग सरळ अंतराचा अंदाजही मिनिटांत करावा लागेल. त्यासाठी कोणता वेग धरणार? घाटातला ताशी ३० किलोमीटरचा वेग धरला तर हमरस्त्यावर अंदाज खऱ्या वेळेपेक्षा जास्त होईल आणि हमी जाईल. रस्त्यावर कुठेही शक्य असलेला सर्वांत जास्त वेग धरावा लागतो. हा एक प्रश्न नीट सुटला तर 'अॅडमिसिबल' (खऱ्यापेक्षा कधी जास्त न निघणारा अंदाज) ही संज्ञा कायमची कळली असं समजा.

शेवटी प्रत्येकाला आपल्या गावापासून आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत किमान आठ गावांचा नकाशा करायला सांगा. साठ विद्यार्थी, साठ नकाशे. कॉपीचा प्रश्नच उरत नाही, आणि तपासताना महाराष्ट्राचे रस्ते शिकायला मिळतात ते वेगळंच.

संभाव्यतेसाठीही हेच करा. सूत्र आधी देऊ नका, माणसं मोजायला लावा. १००० माणसांत १० जणांना आजार आहे. चाचणी आजारी असलेल्या दहापैकी नऊ जणांना पकडते, आणि निरोगी ९९० पैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जणांनाही चुकून 'पॉझिटिव्ह' ठरवते. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यातले खरे आजारी ९. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता साधारण ८ टक्के. हे ९० टक्के असेल असंच जवळपास सगळे आधी लिहितात. बेजचं (नव्या माहितीवरून शक्यता काढण्याचं) सूत्र त्यानंतर फळ्यावर आलं की ते पाठ करायची गरज पडत नाही. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीत 'कॅल्क्युलेटेड' प्रकारचा प्रश्न वापरलात तर विद्यार्थ्यागणिक आकडे आपोआप बदलतात आणि तपासणीही होते.

मिनिमॅक्ससाठी अर्धा भरलेला फुल्ली-गोळा द्या, तीन घरं रिकामी ठेवून. त्याचं पूर्ण झाड एका पानावर मावतं.

पाचवी पायरी: थेट तास

व्हिडिओत जे आहे ते थेट तासात पुन्हा सांगू नका. सांगितलंत तर दुसऱ्या आठवड्यापासून व्हिडिओ कोणी पाहणार नाही. सुरुवातीची दहा मिनिटं आठवड्यातल्या सगळ्यांत जास्त चुकलेल्या प्रश्नाला द्या, नावं न घेता. मग चार-चार जणांच्या ऑनलाइन खोल्यांत एक ट्रेस (अल्गोरिदम चालवल्याची पायरीवार नोंद) अर्ध्या तासात पूर्ण करायला द्या. एका गटासाठी एकच सामायिक कागद ठेवा, म्हणजे तुम्ही खोलीत न जाताही कोण कुठे अडलंय ते दिसतं. बोलायला न धजावणाऱ्यांना चॅटमध्ये फक्त पुढचा आकडा टाकायला सांगा. उरलेला वेळ शंकांना.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नका. एका खोलीच्या घरात सगळं कुटुंब मागे असतं.

सहावी पायरी: प्रॅक्टिकल

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सीएस १८८ या एआय कोर्ससाठी पॅक-मॅन या व्हिडिओ गेमवर आधारित प्रकल्प तयार केले आहेत. सर्च, विरोधी खेळाडूसमोरचा खेळ, रीइन्फोर्समेंट लर्निंग (बक्षीस आणि दंडातून शिकणं) असे ते क्रमाने येतात. सोबत ऑटोग्रेडर आहे, तो विद्यार्थ्याला लगेच गुण दाखवतो. शैक्षणिक वापराला परवानगी आहे, पण बर्कलेचा उल्लेख ठेवायचा आणि उत्तरं कुठेही प्रसिद्ध करायची नाहीत, या अटींवर. आपल्या विद्यार्थ्यांनाही पहिल्याच दिवशी ही अट सांगा. गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) उत्तरं टाकणारे बहुतेक जण अट माहीत नसल्यामुळे टाकतात.

मशीन लर्निंगच्या भागात इंग्रजी आकड्यांऐवजी देवनागरी वापरा. यूसीआयच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन) खुल्या डेटासेटच्या संग्रहात हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा डेटासेट आहे: ३२ बाय ३२ पिक्सेलच्या ९२,००० प्रतिमा, ३६ व्यंजनं आणि १० अंक मिळून ४६ वर्ग. मॉडेल शिकवून झालं, अचूकता चांगली आली, सगळे खूश झाले की सांगा: आता स्वतःच्या अक्षरात 'ळ' लिहा, फोटो काढा आणि मॉडेलला द्या. ते काहीतरी ठाम उत्तर देतं आणि ते चूकच असतं, कारण त्या ४६ वर्गांत ळ नाहीच. डेटासेट नेपाळमध्ये गोळा झाला आहे. त्यानंतर मराठी वळणाचे ल आणि श लिहून पाहायला सांगा आणि निकालाची नोंद जर्नलमध्ये घ्या. 'डेटातला पक्षपात' या विषयावर तासभर बोलण्यापेक्षा आपल्या भाषेतलं अक्षर यंत्राला माहीतच नाही हे पाहणं जास्त खोल जातं. पुढचं काम उघड आहे: वर्गातल्या प्रत्येकाने पन्नास ळ लिहायचे. साठ जणांचे ३००० होतात. सत्तेचाळिसावा वर्ग जोडा आणि मॉडेल पुन्हा शिकवा.

भाषेवरच्या प्रॅक्टिकलसाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने केलेला महासेंट हा मराठी ट्वीटचा संग्रह आहे. सुमारे १६,००० ट्वीट सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशी विभागलेली आहेत. मॉडेल शिकवण्याआधी त्यातली तीस ट्वीट विद्यार्थ्यांकडून, लेबल झाकून, हातानं विभागून घ्या. उपरोध आला की माणसांचंही एकमत होत नाही. यंत्राकडून शंभर टक्के अचूकता मागण्याला अर्थ आहे का, ही चर्चा तिथून सुरू होते.

सातवी पायरी: शंका

जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन मास्टर्समध्ये प्रा. अशोक गोयल नॉलेज-बेस्ड एआय हा कोर्स शिकवत असत. तिथे सुमारे ३०० विद्यार्थी एका सत्रात १०,००० च्या आसपास संदेश टाकत. २०१६ मध्ये त्यांनी 'जिल वॉटसन' नावाचा एआय साहाय्यक उत्तरं द्यायला बसवला आणि तो यंत्र आहे हे विद्यार्थ्यांना सत्राच्या शेवटी सांगितलं. यातून आपण उचलायची गोष्ट साधी आहे: पुष्कळ शंका त्याच त्या असतात. मुदत कधी, फाइलचं नाव काय, कोणती आवृत्ती चालेल. या सगळ्यांचं एक पान करून दर आठवड्याला वाढवत न्या. आपला वेळ मग 'सर, माझा ट्रेस चौथ्या पायरीला वेगळा येतोय' अशा शंकेसाठी मोकळा होतो.

व्हॉट्सअॅप फक्त सूचनांसाठी ठेवा. शंका मूडल किंवा गूगल क्लासरूमवर विचारायला लावा, नाहीतर शुक्रवारी दिलेलं उत्तर सोमवारी कोणाला सापडत नाही. आणि उत्तराची वेळ जाहीर करा, उदाहरणार्थ रोज संध्याकाळी सहा ते सात.

आठवी पायरी: गळती

पहिल्या दोन असाइनमेंट न देणारा विद्यार्थी पुढे सहसा परत येत नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांची यादी काढा आणि फोन करा. मेल पुरत नाही. 'का दिलं नाही' असं विचारू नका, 'कुठपर्यंत आलंय' असं विचारा. कारणं बहुधा विषयाबाहेरची असतात: फोन बिघडला, कामाची पाळी बदलली, घरात आजारपण. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ असाइनमेंटचे गुण धरतात. ही पद्धत घ्या. एक-दोन आठवडे बुडालेला विद्यार्थी मग सगळंच सोडून देत नाही.

नववी पायरी: गुण कशाचे

घरून केलेलं लेखी काम आता एकट्यानं केलं असं धरता येत नाही. एआयनं लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या साधनांवर विसंबू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने असं स्वतःचं साधन जुलै २०२३ मध्ये कमी अचूकतेमुळे बंद केलं. प्रामाणिक विद्यार्थ्यावर यंत्राच्या सांगण्यावरून ठपका येणं, तेही एआयच्या वर्गात, मला अजिबात मान्य नाही.

त्याऐवजी प्रत्येक असाइनमेंटवर आधीच लिहा: चॅटबॉट चालेल, चालेल पण संभाषण जोडायचं, किंवा चालणार नाही. हातानं करायचे ट्रेस तिसऱ्या प्रकारात. एक असाइनमेंट मुद्दाम उलटी द्या: चॅटबॉटनं केलेला ए-स्टारचा ट्रेस, आणि विद्यार्थ्यानं त्यातली पहिली चूक शोधून कारण लिहायचं. चूक नसेल तर नाही हे सिद्ध करायचं.

आणि ओरल घ्या. पाच मिनिटं प्रत्येकी, साठ विद्यार्थ्यांचे पाच तास. सत्रात दोनदा घेतली तर दहा तास होतात, आणि तेवढे तास लेखी तपासणीतून वाचतात. प्रश्न त्याच विद्यार्थ्याच्या कोडवर आणि नकाशावर विचारा. 'ए-स्टार म्हणजे काय' असं नको. 'या ओळीत अंदाज शून्य केला तर काय होईल' असं विचारा. मार्ग तोच येईल पण जास्त गावं उघडावी लागतील, हे ज्यानं स्वतः चालवलंय तो लगेच सांगतो. मग 'अंदाज दहापट केला तर?' विचारा. गावं बहुधा कमी उघडतील, पण मार्ग सर्वांत छोटा असेल याची हमी राहणार नाही. काम स्वतः केलंय की नाही, ते या दोन प्रश्नांत कळतं.

ओरलच्या वेळी नेटवर्क गेलं तर साध्या फोन कॉलवर घ्या, आणि हे नियमांत आधीच लिहून ठेवा. कोड दोघांसमोर उघडा असतोच, स्क्रीन दिसायची गरज नसते. रेकॉर्डिंग करणार असाल तर विद्यार्थ्याची परवानगी घ्या आणि निकाल जाहीर झाल्यावर, पुनर्तपासणीची मुदत संपली की, ते काढून टाका.